ओढणारीची बाजू

पंढरी मास्तरांनी मला सांगितलं होतं. खोपटला, एस.टी. डेपोच्या मागे, एका गोदामावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, गुडघ्यावर पट्टी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघताच. "सूनबाई, घरी सराव करा, रोज करा. पण पोरगी घरात असली की दार लावून घ्या. पोरं राखणाऱ्याकडे बघत नाहीत. ओढणाऱ्याकडे बघतात." मी हसले. म्हटलं, "ती चार वर्षांची आहे सर. आणि आपलं ते सरावाचं पिस्तूल रबराचं आहे, निळं." पट्टीचं टोक दातात धरून मास्तरांनी गाठ मारली आणि कॅश व्हॅनच्या गार्ड लोकांना हाका मारत उठले. त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारलाय. नसतं ऐकलं. तेव्हा मला वाटत होतं की घाबरण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही.

आधीच सांगून टाकते, उगाच तुमचाही जीव टांगणीला नको: कुणाला काही झालं नाही. समू आत्ता माझ्या शेजारी पालथी झोपलीये, दुपारची, एक पाय माझ्या पोटावर टाकून. मानेला घामाने चिकटलेले तिचे केस मी बाजूला करते आणि ती झोपेत कुरकुरते. ती कुरकुर ऐकून इतकं बरं वाटतं की थोड्या वेळाने मी पुन्हा केस बाजूला करते. हल्ली मला भूकही लागते. चार वर्षांत पहिल्यांदा लागतेय, सरळ, पोटातून वर येणारी. आधी मी जेवायचे ते उभ्याउभ्या, एक कान आतल्या खोलीकडे ठेवून. देवेश, माझा नवरा, मला घरातला सीसीटीव्ही म्हणतो. प्लगच्या भोकांना झाकणं, टीपॉयच्या कोपऱ्यांना फोम, द्राक्षं उभी चिरून, फिनेल सगळ्यात वरच्या फडताळात. बाल्कनीच्या जाळीतून समूची किती बोटं जातात ते मी दर दोन महिन्यांनी बघायचे. त्यात मी बी.ए. झालेली मानसशास्त्र घेऊन. 'मूल अनुकरणातून कसे शिकते' या प्रश्नाला पुरवणी घेऊन उत्तर लिहिलेलं मी, डोंबिवलीच्या कॉलेजात, फॅनखालची जागा मिळाली म्हणून खूश होऊन. उत्तरात उदाहरण म्हणून एक बाहुलीही घातली होती, मोठ्यांनी मारलेलं बघून पोरंही जिला मारतात ती. इतकं सगळं येत होतं मला.

माझं माहेर ठाकुर्लीचं, म्हणजे दोन खोल्यांचं, वडील मूळचे साताऱ्याकडचे. घरात सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे विळी. लग्न करून कोलशेतला आले तेव्हा सासूबाईंनी, गोदाबाईंनी, कपाट उघडून मला शालू दाखवले आणि दोन शालूंच्या मधे एक काळं चामडं दिसलं. मी विचारलं, "आई, हे खरं आहे?" त्या म्हणाल्या, "खरंच हाय. खोटं कनाला ठेवू?" आणि पुढचा शालू उलगडला. ते रिव्हॉल्वर माझ्या सासऱ्यांचं, नाथाशेठचं. लोकांनी त्यांना शेठ केलं, जमीन टॉवरवाल्यांना दिल्यावर. त्याआधी ते नुसते नाथा होते, बापाबरोबर मिठागरात उतरणारे. मिठाने चिरलेल्या टाचा अजून तशाच आहेत, इटालियन बाथरूममध्ये त्या टाचांचे ठसे उमटतात. जमिनीचा व्यवहार चालू होता त्या साली दोन अनोळखी माणसं घरासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसायची. सलग तीन दिवस. बोलायची काही नाहीत, शेंगा खायची. चौथ्या दिवशी बाबांनी, मी सासऱ्यांना बाबाच म्हणते, लायसन्ससाठी अर्ज केला. तेव्हापासून घराबाहेर पडताना चष्मा, रुमाल आणि ते. देवेश सांगतो, शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा बाबा ते लावूनच आलेले आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

मग गेल्या वर्षी गावच्या मैदानावरून बैठक झाली, तिथे रेटारेटी झाली. बाबा घरी आले, अर्धी भाकरी खाल्ली, उठले. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते तर मागे येऊन उभे राहिले. "योगिनी, हात आला व्हता."

"कुणाचा, बाबा?"

"हात व्हता. तोंड नाय दिसला." आणि स्वतःच्या कमरेकडे बघत राहिले, जशी ती कंबर दुसऱ्याची आहे. मला त्या माणसाची भीती तेव्हा पहिल्यांदा कळली, कारण ती माझ्याच जातीची होती. आपण सांभाळायला म्हणून जे जवळ ठेवतो तेच एका हिसड्यात दुसऱ्याच्या हातात जाईल, ही. प्लगला झाकण लावलं तर समू ते झाकणच गिळेल, असं मला वाटायचं ना, तसं.

पंढरी मास्तरांचं नाव बाबांना बँकेतल्या गार्डने दिलं. मास्तर पोलिसातून निवृत्त, त्याआधी तालमीतले, कान मोडून भज्यासारखे झालेले. हत्यार कसं चालवायचं हे ते शिकवतच नाहीत. ते कमरेवरून जाऊ कसं द्यायचं नाही, एवढंच. मोतिबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा गाडी चालवत नाहीत, म्हणून दर मंगळवारी मी त्यांना घेऊन जायचे आणि झोपलेल्या समूला मांडीवर घेऊन भिंतीपाशी खुर्चीवर बसायचे. सगळं डोक्यात जायचं. हात आला की पहिलं, आपला तळवा वरून दाबायचा, हत्यार खाली बसवायचं, अंगात रुतेल इतकं. मग गुडघे खाली. मग ती कंबर मागे फिरवायची, समोरच्यापासून लांब. मग दुसऱ्या हाताने त्याचं मनगट, आणि त्याला आपल्याभोवती चालवायचं, नाचवायचं म्हणा. "हिसकून घ्यायला जाऊ नका," मास्तर ओरडायचे. "ओढाओढीत जास्त जोर असेल तो जिंकतो. तुम्ही दाबा. दाबणाऱ्याला वजन पुरतं." बाबांना ते खाली बसणं लगेच जमलं. मीठ ओढताना तशीच कंबर खाली जायची म्हणे. बाकी काही जमत नव्हतं. मास्तर म्हणाले, रोज घरी कुणीतरी ओढणारं पाहिजे.

देवेशची शिफ्टची नोकरी. आई म्हणाल्या, "माजं गुडगं नाय ऐकत. योगिनी, तू कर." आमच्याकडे मी सासऱ्यांच्या समोरच्या सोफ्यावरसुद्धा बसत नव्हते, चहा द्यायचा तो टेबलावर ठेवून. बाबा भिंतीकडे बघून म्हणाले, "सुनंनी कमरंला हात घालायचा?"

"चोर काय नातं बगून घालनार हाय?" आई झोपाळ्यावरून म्हणाल्या. "घाल गो बाय तू. मी बसलीय इथं."

पहिल्या दिवशी मी दोन बोटांनी गरम झाकण उचलावं तसं ते निळं रबर उचललं. बाबा दगडासारखे उभे. आई पोट धरून हसल्या. "अशी वढतंस? भाकरी परततंस काय?" दुसऱ्या दिवशी मी मुठीत धरलं. चौथ्या दिवशी मला कळलं की वर ओढायचं नसतं, आधी पिळायचं असतं. अंगठा दस्त्याच्या मागे, कोपर आपल्याच बरगडीला घट्ट, आणि ताकद हाताची नाही, पाठीची. आठव्या दिवसापर्यंत मी रोज जिंकत होते. बाबा चिडायचे. "थांब. माझा पाय सरकला." "लादी पुसलीय कोनी?" आणि समू आईंच्या मांडीवर बसून ओरडायची, "मम्मी ओढ! ओढ! आजा हरला!" संध्याकाळी पाचची वेळ ठरून गेली. आई गुण द्यायच्या, बाजूचे लोक विचारायचे तुमच्याकडे रोज कसला आवाज असतो, आणि मी? आता लिहितेच. मला ते आवडत होतं. दिवसभर मी कशाला तरी जपत असायचे. गॅसच्या बटणाला, जिन्याला, तिच्या तोंडातल्या मण्याला. पाच वाजता पंधरा मिनिटं बाकीच्यांनी माझ्यापासून जपून राहायचं होतं. माझ्या दंडात एक गोळा यायला लागला होता, मी आंघोळीच्या वेळी तो दाबून बघायचे. मास्तर म्हणाले होते दार लावून घ्या. दाराला कडी होती, दार जड सागवानी होतं, समूला ते उघडता आलं नसतं. मी लावलं नाही, कारण तिने मला जिंकताना बघावं असं मला वाटत होतं. तिच्या आठवणीत मी कायम 'पडशील, पडशील' म्हणत मागे धावणारी बाई राहू नये, एवढंच. ही काही फार मोठी इच्छा नाही ना?

खरी पिशवी, म्हणजे कमरेचं ते चामडी म्यान, तीच सरावाला वापरायचो; तिच्यात निळं रबर. तिला वरून एक पट्टी आणि टिचबटण. बाबांचा अंगठा जाड, प्रत्येक वेळी ते बटण लावायला त्यांना वेळ लागायचा आणि आईंच्या मालिकेची वेळ व्हायची. "र्‍हाव दे आता बटन." मग ते राहायला लागलं. रोज पंधरा मिनिटं उघडं. पुढे मला दिसलं होतं, मी सीसीटीव्ही ना, की बाहेर जातानाही बाबा ते लावत नाहीत; हात जातो आणि न लावताच खाली येतो. एकदा देवेशने टीव्हीचा रिमोट कमरेला खोचला होता तर समूने तो मागून असा पिळून काढला की तो दचकला. आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "पुन्हा कर, पुन्हा कर," आणि व्हिडिओ काढला. तो मी तीन जणींना पाठवला.

प्रफुल्लची हळद होती, बाबांच्या पुतण्याची; लग्न त्यानंतर दोन दिवसांनी. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. घरासमोर मांडव, अजून ऊन पुरतं उतरलेलं नव्हतं आणि डीजे सुरू झालेला. बेंजोची चाल पोटात आत कुठेतरी वाजत होती, बरगड्यांच्या खाली. बाबा पांढऱ्या शर्टात. देवेश म्हणाला, "बाबा, आज तरी ठेवा ना घरी." ते म्हणाले, "घरातच तर हाय मी. मांडव काय परक्याचा हाय?" आणि शर्ट कमरेवरून खाली ओढला. माझ्या हातात हळदीचा वाडगा होता. मी आठ-दहा पावलांवर, काकूंच्या गालाला हळद लावत होते, आणि माझी एक नजर नेहमीप्रमाणे समूवर. बाबांनी तिला डाव्या कडेवर घेतलं होतं. नाचत होते, म्हणजे आमचे पुरुष नाचतात तसे, पाय जागच्या जागी, खांदे आणि एक हात हवेत. उजवा हात हवेत. समूचे गाल पिवळे. ती हसली, बाबांच्या छातीवरून पलीकडे वाकली, आणि तिचा हात शर्टाखाली गेला.

इथे मला नेहमी थांबावं लागतं. लोक म्हणतात अशा वेळी सगळं डोळ्यांसमोर अंधारून येतं. मला उलट फारच स्पष्ट दिसलं. शर्ट वर सरकलेला. ती पट्टी लोंबकळणारी. समूचा अंगठा मागे. चार बोटं पुढे. आणि तिचं कोपर, तिने ते बरगडीला घट्ट लावलं होतं. ते कोपर बघितलं आणि कळलं की हा हात माझा आहे. मी दिलेला आहे. ती आधी पिळत होती. चार वर्षांचं मूल खेळणं घेताना वर ओढतं, समू पिळत होती, आणि ते काळं हळूहळू वर येत होतं, निळं नव्हे, काळं, आणि बाबांचा उजवा हात हवेत, डोळे मिटलेले, कुणीतरी शिट्टी मारलेली. वाडगा कधी पडला माहीत नाही. मी तिथे पोचले तेव्हा माझे दोन्ही हात पुढे झाले ते ओढायच्या तयारीत. चाळीस-पन्नास संध्याकाळी त्या हातांनी दुसरं काही केलंच नव्हतं. तिला ओढावं, तिचा हात ओढावा, तेच हिसकून घ्यावं. एक क्षण, तो क्षण अजूनही माझ्या मनगटांत आहे, मी खरंच ओढणार होते. आणि मग खोपटच्या त्या खुर्चीवर बसून बसून कानात गेलेलं काहीतरी वर आलं. मी दाबलं. तिच्या मुठीवर एक तळवा, त्यावर दुसरा, वर माझं सगळं वजन. कपाळ बाबांच्या खांद्यावर आपटलं. ते खाली बसवलं, अंगात रुतेल इतकं. बहुतेक ओरडले. आवाज डीजेने खाल्ला.

बाबांना काय झालंय ते कळायच्या आधी त्यांच्या अंगाला कळलं. गुडघे खाली गेले, ती कंबर मागे फिरली, हवेतला हात खाली आला आणि माझ्या हातांवर बसला. इतका जड हात मी आयुष्यात अनुभवला नव्हता. समूला त्यांनी सोडलं नाही, डाव्या हाताने ती तशीच कडेवर. सगळ्यात खाली तिची मूठ, मग माझे दोन तळवे, मग त्यांचा. आणि आम्ही तिघं अर्धं वर्तुळ फिरलो, मास्तर फिरवायचे तसंच. कुणीतरी आमच्यावर मूठभर हळद उधळली. "नाथाशेठ! सुनंबरोबर! एक नंबर!" कुणीतरी मोबाईल धरला. मी लग्नाआधीही कधी इतक्या लोकांसमोर नाचले नव्हते. मग मी तिची बोटं सोडवली, करंगळीपासून. तिचं पहिलं बोट कुठे होतं, हे मी किती वेळा आठवून पाहिलंय. ते बाहेर होतं, चामड्यावर. आत, चापापर्यंत, पोचलं नव्हतं. दर वेळी आठवते, दर वेळी ते बाहेरच असतं, आणि दर वेळी मी श्वास सोडते. बटण लागल्याचा 'टक' मला त्या सगळ्या गदारोळात ऐकू आला. समू माझ्याकडे बघत होती, रडवेली, फसवल्यासारखी. "मम्मी, तू तर माझ्या बाजूची होतीस ना?"

तिला देवेशच्या हातात दिलं. त्याला काही सांगितलं नाही, "हिला धर, आणि सोडू नकोस," एवढंच. बाबा मांडवाच्या मागे गेले, खुर्च्यांची चळत होती तिथे. मी मागोमाग. ते रिव्हॉल्वर उघडायला बघत होते पण जाड अंगठा पुन्हा पुन्हा घसरत होता. जमलं तेव्हा मी ओंजळ पुढे केली. आतलं सगळं माझ्या ओंजळीत पडलं. मला वाटलं होतं थंड असेल. ते त्यांच्या अंगाच्या उबेने कोमट होतं. माझ्या तळहातावरची हळद त्याला लागली.

"बटन उगरं व्हतं," बाबा म्हणाले.

"हो."

"मास्तरनी सांगलं व्हतं मना. दहा टाईम सांगलं. बटन लावा, नाथाशेठ."

मला वाटलं आता गप्प बसावं. सून म्हणून मला तेच सोयीचं होतं. चूक त्यांच्या कमरेवर होती, माझ्या नव्हे. पण ओंजळ भरलेली असताना माणसाला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "मला पण सांगितलं होतं बाबा. समू बघत असली की दार लावा म्हणाले होते. मी हसले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपन दोगं पन," आणि त्यांच्या नाकातून एक आवाज निघाला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. मग मलाही हसू आलं, थांबेना, पलीकडे डीजे, आम्ही दोघं खुर्च्यांच्या आडोशाला पिवळे होऊन हसतोय, ओंजळीत ते सगळं. हसता हसता ते एकदम खाली बसले, मातीतच, पांढऱ्या पँटीत.

रात्रभर मी ठरवत होते असं नाही, ठरलेलंच होतं. ते घरात राहणार असेल तर मी आणि समू राहणार नाही. वाक्य तयार होतं, पण म्हणणार कोण आणि कुणाला? त्या माणसाने ते शौक म्हणून आणलेलं नव्हतं. कट्ट्यावर तीन दिवस शेंगा खाणारी माणसं मी पाहिली नव्हती, त्यांनी पाहिली होती. त्यांच्या कमरेवरून ते काढून घ्यायचं म्हणजे पुन्हा ओढणारी मीच. मी इतके दिवस निळं ओढत होते, आता ते काळं, खरं ओढायचं होतं. सकाळी मी बॅग भरली, माझी आणि समूची, आणि दारापाशी ठेवून चहा करायला गेले. काही बोलायचं नाही, बॅग बोलेल. भित्र्या माणसांची हीच पद्धत असते. बाबा बाहेर आले, बॅगकडे बघितलं.

"कवर दिवस?"

"बघू," मी म्हटलं.

ते आत गेले. कपाटाचा आवाज झाला. आईंचा आवाज आला, "आता काय शोधतास?" बाबा बाहेर आले ते साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी घेऊन, तिच्यात ते चामडं आणि लायसन्सचं पुस्तक. "गाडी काड."

"कुठे, बाबा?"

"जमा करायला. निवडनुकीत करतंव तसं."

पोलीस स्टेशनात टेबलापाशी एक तरुण हवालदार होता, बाबांना ओळखणारा. "काय काका? निवडणुका लागल्या का, मला कसं कळलं नाही?"

"माज्या घरातल्या लागल्या."

तो हसला. रजिस्टर पुढे ओढलं. "परत कधी नेणार?"

"नाय नेनार. लायसन पन परत करायचं हाय. त्याचा काय अर्ज असंल तो सांग."

त्याने पेन थांबवलं, एकदा माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "मोठ्या साहेबांकडे जाईल अर्ज तो. कारण काय लिहू, काका?"

बाबांनी रिकाम्या कापडी पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "लिव. नात मोटी झाली."

"किती वर्षांची?"

"चार."

त्याने ते लिहिलं की दुसरं काही लिहिलं, मला माहीत नाही. पावती मिळाली. बाहेर आलो तर ऊन नेहमीसारखंच होतं, रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, आणि माझ्या खांद्यांवरून काहीतरी असं उतरलं की मला गाडीच्या दारापाशी क्षणभर उभं राहावं लागलं. घरी आल्यावर मी बॅग रिकामी केली. सुकटीबरोबर तीन भाकऱ्या खाल्ल्या, बसून. आई बघत राहिल्या. "बरी हास ना गो?" मग मी झोपले. दुपारची, दार उघडं टाकून, समू कुठे आहे हे न विचारता. उठले तेव्हा तिन्हीसांजा झालेल्या आणि ती अंगणात कोंबडीच्या मागे धावत होती, आणि मी नुसती बघत बसले. संध्याकाळी देवेशला सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग त्याने माझ्या दोन्ही मनगटांना हात लावून बघितलं, जसं काही तिथे लिहिलेलं असेल. मास्तरांनाही फोन केला. ते म्हणाले, "कुणाला लागलं?" म्हटलं नाही. "मग बरं," म्हणाले. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत.

एवढं सगळं चांगलं झालं. आणि तरी एक गोष्ट आहे. बाबांनी त्या दिवसापासून समूला उचललेलं नाही. ती हात वर करून समोर उभी राहते, "आजा, घे," तर ते म्हणतात, "कंबर दुकते बाय," आणि हात पाठीमागे घेतात. दोन्ही. एका हातात दुसरा धरून, घट्ट, दाबून. आईंना वाटतं खरंच कंबर दुखतेय, त्या शेक देतात. मला माहीत आहे कमरेत काही नाही. त्यांना स्वतःच्या अंगाचीच भीती वाटते, जशी मला माझ्या हातांची दोन दिवस वाटत होती. माझी गेली, कारण मला तिची वेणी घालायची होती, तिला भरवायचं होतं, हातांना पर्याय नव्हता. त्यांना आहे. ते नुसते बसू शकतात. पाच वाजता हॉलमधून उठून गच्चीवर जातात आणि टॉवरांच्या मधून जेवढी खाडी दिसते तेवढी बघत बसतात. शेठ म्हणून हाक मारली तर वळून बघत नाहीत.

आणि नेमकी आत्ता मी तिथे नाही. ठाकुर्लीला आलेय, माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठ दिवस तिच्याजवळ कुणीतरी हवं. सासूबाई कल्याणला करिश्माकडे, माझ्या नणंदेकडे, तिचे दिवस भरलेत. देवेशची या आठवड्यात दुपारची शिफ्ट. म्हणजे दुपारपासून बाबा त्या एवढ्या घरात एकटे. मी रोज फोन करते. "जेवलात?" "जेवलो." रोज त्याच आवाजात, मी विचारायच्या आधीच तयार ठेवल्यासारखं. समूला फोन दिला की म्हणतात रेंज नाय.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही कोलशेतच्या बाजूला राहत असाल, किंवा काही कामाने तिकडे जाणं होणार असेल, तर जरा डोकावून या. गावात नाथाशेठचं घर कुणीही दाखवेल. बेल वाजवली की लगेच येणार नाहीत, गच्चीवरून उतरायला वेळ लागतो, थांबा. त्यांना काका म्हणा, शेठ म्हणू नका. जेवलात का विचारलं तर हो म्हणतील. काय जेवलात, ते विचारा. आणि तुमच्याबरोबर एखादं लहान मूल असेल, दोन वर्षांचं, तीन वर्षांचं, तर बोलता बोलता ते त्यांच्याकडे द्या. घेता का म्हणून विचारू नका, विचारलं तर नाही म्हणतील. बूट काढायचे आहेत, पाणी प्यायचं आहे, काहीही म्हणा आणि सरळ हातात द्या. घेतात का बघा, आणि मला कळवा.